डावे बूट माळ्यावर

३ नोव्हेंबर

चि. धाकट्यास दादाचे आशीर्वाद.

उजव्या पायाच्या एका बुटाला खर्च किती येतो ते सांगतो. कातडं जोडाच्या निम्मं, तळ निम्मा, दोरा, गोंद, शिलाई, सगळं निम्मं. खोकं मात्र अख्खं लागतं. भाडं-हमाली धरली तर जोडाच्या निम्म्याहून थोडा जास्तच पडतो. आणि विकायला गेलास तर किंमत शून्य. इतकी वर्षं धंदा केला, पण हा हिशेब कधी मांडायची वेळ आली नव्हती. आता खाली मांडणीवर काही नाही आणि वर माळ्यावर नुसते डावे आहेत, म्हणून मांडला. डाव्याचा हिशेबही तोच.

परवा तुझा आवाज ऐकला. पाण्याच्या टँकरपाशी कोणाचा तरी रेडिओ चालू होता. वादळानंतरच्या लुटालुटीवर चर्चा. चार शहाणी माणसं बोलत होती, त्यातला एक घसा खाकरून ‘मुळात’ म्हणाला आणि मी बादली खाली ठेवली. ‘मुळात’नं वाक्य सुरू करायची खोड आपल्या घरात एकालाच होती. प्राध्यापक झालास तरी सुटलेली दिसत नाही. तू म्हणालास, मुळात गरज वेगळी आणि गुन्हा वेगळा. माझ्या सख्ख्या भावाचं दुकान पहारीनं फोडून लुटलं. अशांना दया दाखवणं म्हणजे पुढच्या वादळाला त्यांना आमंत्रण देणं. रांगेतल्या बाया म्हणाल्या, “बरोबर बोलतोय हो.”

बोललास छान. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. तुझ्या लग्नात सासरेबुवांना ओळख करून देताना मी ‘आमचे एक हितचिंतक’ होतो. दुकान लुटलं गेलं आणि सख्खा भाऊ झालो. आधी कळलं असतं तर आधीच लुटवून घेतलं असतं.

रागावून लिहीत नाही. तू पेपरात माझा जबाब वाचला असशील, पण पेपरवाल्यानं चार ओळींत उरकलं. खरं काय झालं ते माझ्याकडूनच ऐक.

वाऱ्यानं आधी पत्रे नेले, मग पाणी आलं. पाण्यानं लोकांच्या दाराबाहेरच्या चपला आधी नेल्या, मग दारं. आमचं घर छातीपर्यंत भरलं. दुकानाचा चौथरा उंच, तिथं पाणी खालच्या फळीपर्यंतच आलं. म्हणून मी आणि तुझी वहिनी शटर आतून लावून दुकानाच्या माळ्यावर राहिलो. पाणी ओसरल्यावर रस्ता बघितला. रस्ता कसला, खिळे, काचा, तारा, पत्र्याच्या धारा. गाव सगळं अनवाणी. असल्या गावात शाबूत असलेलं एकच चपलांचं दुकान, आणि ते माझं. आता काय होणार हे सांगायला ज्योतिषी नको.

माझे कान तुला माहीत आहेत. फूटपाथवर ऐरण घेऊन बसायचो तेव्हा मान वर न करता सांगायचो, येणाऱ्याची टाच कुठल्या बाजूनं झिजलीय. तू लहानपणी पैजा लावून पोरांकडून गोळ्या कमावायचास माझ्या कानांवर. वादळाच्या त्या सगळ्या दिवसांत माझ्या डोळ्याला डोळा लागला नाही. टाचणी पडली तरी मला कळत होतं. दुपार होती. शटरखाली पहार घातली. धाड, मग करकर, मग पुन्हा धाड. हे मी या कानांनी ऐकलं, आणि फौजदारांना जबाबात तसंच सांगितलं.

मी उठून बसलो तर तुझी वहिनी जिन्याच्या तोंडाशी बसलेली, घामानं चिंब. मला म्हणाली, “खाली जाऊ नका. जाऊ दे, नेऊ दे.” मग आम्ही दोघं वर, आणि खाली सगळं गाव. कोण आलं हे बघायची मला गरज नव्हती. पायांवरून ओळखत होतो. एकाचा पाय ओढत पडतो, एक टाचेवर जोर देते, एक दमेकरी. सगळे गरजू होते असं समजू नकोस. एकीनं उंच टाचांचे सोनेरी सँडल नेले, ते काय चिखल तुडवायला? एकानं गल्ल्यावरची घंटीसुद्धा नेली, पोर रमवायला नेली असेल तर असो.

आता गंमत ऐक. माझ्या दुकानाची पहिल्यापासूनची पद्धत तुला आठवते का? मांडणीवर फक्त उजवा. डावा खोक्यात, माळ्यावर. फूटपाथवर असताना एकदा जोड पळवला गेला तेव्हापासूनचा नियम. गिऱ्हाईकानं उजवा घालून बघावा, पटला तर वरून डावा येतो. म्हणजे लुटणाऱ्यांनी नेले ते सगळे उजवे. धाकट्या, या दुकानातून आजवर एकही जोड चोरीला गेलेला नाही, आणि या लुटीनंतरही हे विधान जसंच्या तसं खरं आहे.

वहिनीला हे सांगितलं तर ती हसली नाही.

दादा

९ नोव्हेंबर

चि. धाकट्या,

तुझं पत्र मिळालं. अक्षर अजून तसंच, उजवीकडे कललेलं. तू लिहितोस की कार्यक्रमाला लोकांचा प्रतिसाद जोरदार आला, पुन्हा बोलावलंय, तर दुकानाच्या फोडलेल्या शटरचा एक फोटो पाठव. मी कापडवाल्यांच्या मुलाकडून फोटो काढून घेतला. पण फोटोत शटर फोडल्यासारखं दिसतच नाही. प्रत्यक्षातही दिसत नाही. पट्ट्या सरळ, खालची कड सरळ. कुलूप मात्र गायब. माणसं सराईत असावीत. फोटो तरी पाठवतोय, तू पाहिजे तर रेडिओवर दाखव. रेडिओ असल्याचा हा एक फायदा.

पत्र कोणी आणून दिलं ते सांगतो. आमचा पोस्टमन. तू ओळखत नाहीस, तू गेल्यावर बदलून आला. इतका सरळ की पत्त्यावर घरच उरलं नसेल तर त्या जागेवर उभा राहून नाव पुकारतो आणि मगच परत पाठवतो. तो कोपऱ्यावर असतानाच मी पावलं ऐकली आणि मनात म्हटलं, अरेच्चा. उजवा नीट पडतोय, डावा तिरका, फरफटत. डाव्या पायात उजवा बूट असला की पाऊल असं पडतं. समोर आला तेव्हा बघितलं. दोन उजवे. एक काळा नाडीचा, एक तपकिरी बिननाडीचा. तपकिरी डाव्या पायात कोंबलेला, करंगळीपाशी कातडं फुगलेलं. दोन्ही माझ्या दुकानातले.

त्यानं पत्र दिलं. पायाकडे बघितलं नाही, मीही बघितलं नाही. म्हणाला, “भावाचं आहे वाटतं.” मी म्हटलं, “हो, सख्ख्या.”

गावात या गोष्टीवर रोज बोलणं आहे. टँकरच्या रांगेत दुसरं काही नसतं. इस्त्रीवाला सगळ्यांत जोरात. “असल्यांचे हात तोडले पाहिजेत भर चौकात!” एक म्हातारी म्हणाली, “हात तोडलेस तर इस्त्री कोण करणार रे?” रांग हसली. तो लाल झाला. मी ऐकत होतो, तो पुढे सरकला तेव्हा त्याचं डावं पाऊलही तिरकं पडत होतं. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात ते काही उगीच नाही. पण हेही सांगतो, त्याच्या घराच्या जागी आता नुसता नळ उभा आहे.

बाहेरगावाहून मदतीची गाडी आली, त्यातली एक मुलगी मोबाइलवर फिरणारा व्हिडिओ दाखवत होती. आपलीच गल्ली, बाया पोटाशी बूट धरून पळताहेत. खाली लोकांनी लिहिलंय: संकटात ओळख पटते. लांडगे. जनावरं बरी. एकानं लिहिलंय, ‘बुटांचं काय करणार, खाणार का?’ त्याच्या रस्त्यावर बहुतेक गालिचा असावा.

आता मुख्य बातमी. व्यापारी मंडळाची बैठक झाली. अध्यक्ष आपले कापडवाले. त्यांच्या ठाणांचा पार लगदा झालाय, त्यामुळे लुटीचा राग सगळ्यात जास्त त्यांना, जरी त्यांचं कोणी काही लुटलं नसलं तरी. फौजदारही होते. सगळे म्हणत होते, पुरावा नाही, कोणाला पकडणार. मला राहवलं नाही. मी उभा राहून उजव्या-डाव्याची गंमत सांगितली. म्हटलं, पुरावा प्रत्येकाच्या पायात आहे, आणि त्याची दुसरी बाजू माझ्या माळ्यावर. सभा हसली, टाळ्या पडल्या. मी बसलो.

कापडवाले हसले नाहीत. ते म्हणाले, “दादा, तुम्हाला कळतंय का तुम्ही काय बोललात? दवंडी द्या की डावे बूट फुकट वाटतोय. जो उजवा घेऊन येईल त्याला तिथंच धरू.”

आणि सगळ्यांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांत मीही होतो, हे लिहून ठेवतो. पुढच्या आठवड्यातला रविवार ठरला.

घरी येऊन वहिनीला सांगितलं. घर म्हणजे माळाच. ती स्टोव्ह पुसत होती, पुसतच राहिली. म्हणाली, “बोलण्याआधी एकदा मला विचारायचं होतं.” मी म्हटलं, “सभेतून उठून बायकोला विचारायला कसा येऊ?” ती म्हणाली, “तुम्हाला कशातूनही उठून यायला सुचत नाही.”

तुझ्या पत्नीस आशीर्वाद. सासरेबुवांना हितचिंतकाचा नमस्कार.

दादा

१५ नोव्हेंबर

धाकट्या,

तू लिहितोस, ‘दादा, मुळात तुझी कल्पना उत्तम आहे, कार्यक्रमात सांगितली, सूत्रसंचालक खूश झाले.’ म्हणजे आता पकडायच्या आधीच सगळ्या देशाला माहीत. गावात अर्थात दवंडीच्या आधीच माहीत होतं. दवंडी देणारा स्वतः दोन उजव्यांत होता.

फौजदारांना वरून फोन आलाय. ते मला सांगत होते, “तुमच्या भावानं रेडिओवर बोलून माझ्या डोक्यावर बसवलंय सगळ्यांना. निदान एक तरी माणूस रविवारी हाती लागायला हवा.” कोणता एक, याची त्यांना फारशी पर्वा नाही. ते वाईट नाहीत. त्यांच्या स्वतःच्या चौकीचं छप्पर नाही, छत्रीखाली बसून जबाब लिहितात.

पोस्टमन तुझं पत्र घेऊन आला तेव्हा मी त्याला बाकावर बसवलं. म्हटलं, “रविवारी टपाल असतं का?”

“नसतं.”

“मग रविवारी कुठं तरी लांब जा. पाहुण्याकडे.”

“पाहुण्याचं घर माझ्या घराआधी गेलं.”

“मग घरात झोप.”

त्यानं दोन्ही बूट काढून बाकाखाली ठेवले. डाव्या पायाची करंगळी काळीनिळी. म्हणाला, “दादा, मी आलो होतो त्या दिवशी. लपवणार नाही. टपालाची थैली डोक्यावर धरून दोन दिवस अनवाणी फिरलो. तुमचं शटर उघडं दिसलं, माणसं येत-जात होती. मी आत आलो, हाताला लागले ते दोन उचलले. बाहेर आल्यावर बघतो तर दोन्ही उजवे. मला वाटलं, बरोबर आहे, शिक्षा जागच्या जागी.”

मला हसू आलं, त्यालाही. मग तो म्हणाला, “रविवारी मी येणार. बूट समोर ठेवणार आणि पैसे हप्त्यानं देईन म्हणणार.”

“वेडा आहेस का? फौजदार बसलेले असणार.”

“माहीत आहे.”

“नोकरी जाईल. सरकारी नोकरी. टपाल खात्यात चोरीचा शिक्का बसला तर उद्या कोणी तुझ्या हातात पोस्टकार्ड देणार नाही. दोन मुली आहेत तुला.”

“म्हणूनच येतोय. त्या मला रोज विचारतात, बाबा, दोन्ही बूट एकाच पायाचे का?”

अशा माणसाशी वाद घालता येत नाही. त्याला एकच युक्ती सुचते, ती म्हणजे खरं बोलणं.

तो गेल्यावर वहिनी जिन्यावरून म्हणाली, “तुमचा जबाब मागे घ्या.”

मी म्हटलं, “जबाब काय परत करायचा माल आहे? मी पहार ऐकलीय. या कानांनी.”

“कान चुकतात.”

“माझे?”

“माणसाचेच आहेत ना?”

मी तिला समजावलं. शटर फोडलं म्हणून ती घरफोडी, घरफोडी म्हणून विम्याची भरपाई. विमावाले फोडलेल्या शटरचे पैसे देतात, नुसत्या उघड्या शटरचे नाही. शिवाय पेपरात आलंय, मंडळात टाळ्या पडल्यात, भाऊ रेडिओवर बोललाय. आता मी म्हणू, चुकलो? ज्या कानांवर अर्धं आयुष्य गिऱ्हाईक टिकवलं त्यांना खोटं पाडू? पोस्टमनचं वाईट वाटतं, पण मी त्याला येऊ नको म्हटलंय. आणखी काय करू?

ती स्टोव्हकडे वळली. तेव्हापासून बोलतच नाही. चहा देते, पण कप असा ठेवते की आवाजावरूनच कळावं. हे कान असण्याचं एक दुःख आहे.

तुला खरं सांगू, मला रविवार नकोसा झालाय. डावे बूट खाली आणायचे म्हणून आज खोकी उतरवत होतो. प्रत्येकावर नंबर लिहिलेला. पोस्टमनचा डावा कोणता, इस्त्रीवाल्याचा कोणता, हे मला न शोधता सापडतं. सगळ्यांचे पाय माझ्या हातांतून गेलेत. मी त्यांच्या टाचा बदलल्यात, त्यांच्या पोरांना पहिला बूट घातलाय. आता तेच बूट पिंजऱ्यात लोण्याचा गोळा ठेवावा तसे मांडायचे.

तू शिकलेला आहेस. माझ्या जागी असतास तर काय केलं असतंस, ते रेडिओवर नको, मला लिही. पत्र रविवारच्या आत पोहोचणार नाही हे माहीत आहे. तरी लिही.

दादा

१९ नोव्हेंबर

धाकट्या,

काल रविवार झाला. सगळं क्रमानं सांगतो, कारण कापडवाले तुला फोन करतील आणि त्यांचं ऐकून तू घाबरशील.

सकाळीच डावे बूट मांडणीवर लावले. दुकान भरल्यासारखं दिसलं, आणि मला फार दिवसांनी बरं वाटलं, काय करणार, दुकानदार आहे. फौजदार बाकावर, एक शिपाई साध्या कपड्यांत आरशामागे. साधे कपडे कसले, बनियन होतं, गणवेश वाळत होता. कापडवाले खुर्चीवर, त्यांचा मुलगा मोबाइल घेऊन दारात.

कोणी येईना. समोरच्या बाजूनं लोक मात्र जात होते. पाच-पाच वेळा तेच लोक. मी आतून ऐकत होतो, सगळी डावी पावलं तिरकी. इस्त्रीवाला तीनदा गेला, तिसऱ्यांदा शीळ घालत. कापडवाले म्हणाले, “बघा, कसे भेदरलेत चोर.” फौजदार म्हणाले, “भेदरलेले नाहीत, शहाणे आहेत. चहा मिळेल का?”

चहा आला नाही. वर वहिनी होती, पण हालचाल नव्हती.

आणि मग तो आला. मी पावलं ऐकून म्हटलं, येऊ नको, वळ, वळ. वळला नाही. अंगावर खाकी, खांद्याला रिकामी थैली. पायरीवर बूट काढले, हातात घेऊन आत आला आणि गल्ल्यावर ठेवले. एक काळा, एक तपकिरी. म्हणाला, “दादा, हे तुमचे.”

कापडवाल्यांचा मुलगा मोबाइल घेऊन पुढे सरसावला. कापडवाले उभे राहिले. “पोस्टमन? अरेरे. कोणावर विश्वास ठेवायचा माणसानं?” चेहऱ्यावर मात्र अरेरे नव्हतं.

फौजदारांनी वही काढली. त्यांनाही आवडत नव्हतं ते, पण वरचा फोन होता. विचारलं, “हे कुठून घेतले?”

पोस्टमन तोंड उघडणार, एवढ्यात जिन्यावर आवाज झाला. तुझी वहिनी खाली आली. हातात कुलूप. आमचं, शटरचं.

“मी दिलेत,” ती म्हणाली.

मी म्हटलं, “तू वर जा.”

ती माझ्याकडे न बघता फौजदारांना म्हणाली, “त्या दिवशी शटर कोणी फोडलं नाही. मी उघडलं, किल्लीनं. हे कुलूप, ही किल्ली. एक ओरखडा दाखवा.”

फौजदारांनी कुलूप फिरवून फिरवून बघितलं, किल्ली घालून उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं.

“सांगा, बाई.”

तिनं सांगितलं. खाली शटरपाशी कोणी तरी बाई रडत होती, पायात तार घुसलेली, म्हणत होती, घालायला काही तरी द्या हो, पुढं जायचंय. वहिनी खाली उतरली, कुलूप काढलं, शटर गुडघाभर वर केलं आणि मांडणीवरचा एक रबरी बूट तिला दिला. उजवाच होता तो. म्हणाली, थांब, डावा आणते. डावा आणायला वळली, तोवर मागच्यांनी शटर पूर्ण वर केलं. “मी नको म्हटलं नाही,” वहिनी म्हणाली. “म्हणजे मी दिलेच ना? पहिला हातानं दिला, बाकीचे गप्प राहून दिले. ही चोरी असेल तर माझी लिहा.”

कापडवाले म्हणाले, “पण वहिनी, यांनी पहारीचा आवाज ऐकलाय. जबाबात आहे. पेपरात आहे. यांचा भाऊ रेडिओवर...”

“म्हणूनच मी गप्प बसले. हे उठल्या उठल्या पहार, पहार म्हणायला लागले. मग फौजदारसाहेबांपुढे तेच. मग पेपरात. मग भावजी रेडिओवर. मला बोलायला जागाच राहिली नाही.”

फौजदार माझ्याकडे वळले. “दादा, तुमचा जबाब काय?”

धाकट्या, त्या वेळी मी काय काय मोजलं ते तुला सांगतो, कारण तुझ्यापासून लपवून काय मिळणार. विमा गेला. मंडळातली खुर्ची गेली. पेपरात आलेलं नाव गेलं. तुझं नाक कापलं जाणार, आणि कदाचित मी परत हितचिंतक होणार. दुसऱ्या बाजूला गल्ल्यावर दोन उजवे बूट, आणि त्यांच्या पलीकडे एक अनवाणी माणूस. आणि ती, जिच्याकडे बघायची माझी हिंमत होत नव्हती.

मी म्हटलं, “जबाब खोडा. शटर आतून उघडलं होतं.”

“मग पहार कुठली ऐकलीत?”

“शेजारचा पत्रा असेल. लोंबकळत होता तो, वाऱ्यानं आपटत होता.”

“खोटा जबाब दिल्याबद्दल तुम्हालाच आत घ्यावं लागेल.”

“घ्या. आत म्हणजे कुठं पण? तुमच्या चौकीला छप्परच नाही.”

ते हसले. हसायला नको होतं त्यांनी, पण हसले, आणि पान फाडलं. म्हणाले, “मालकिणीनं दिलेली वस्तू चोरीची होत नाही. संपला विषय.”

तर हा पोस्टमन, “पण साहेब, मला यांनी दिले नव्हते. मी घेतले.”

वहिनी म्हणाली, “दिले म्हणतेय ना मी? आलेलं टपाल तुम्ही परत पाठवता का?”

“पत्ता चुकला तर पाठवतो.”

“पत्ता बरोबर आहे. बसा खाली.”

तो बसला. मी काळ्याचा डावा काढला, त्याच्या पायात घातला, नाडी बांधली. तपकिरी मांडणीवर परत ठेवला.

कापडवाले मुलाचा मोबाइल हिसकावून निघून गेले. जाताना म्हणाले, “अशानं पुढच्या वेळी तुमचं घर लुटतील.” मी म्हटलं, “घर पाण्यानं आधीच नेलंय.” आज सकाळी मंडळाचा माणूस येऊन सांगून गेला की माझं सभासदत्व तूर्त स्थगित. विमावाल्यांना मी आजच खरं कळवलं, ते काही देणार नाहीत.

फौजदार गेल्यावर लोक यायला लागले. आधी ती म्हातारी, मग बायका, मग पुरुष, शेवटी इस्त्रीवाला. तो म्हणाला, “मी काही घेतलं नव्हतं, पण माझ्या मेव्हण्याचा उजवा चुकून माझ्या पायात आलाय.” मी म्हटलं, “मेव्हण्यालाही तुझ्यासारखाच नऊ नंबर लागतो हे माहीत नव्हतं.” पैसे कोणी दिले, कोणी नाही. कोणी उजवाच परत ठेवला, न बोलता. सोनेरी सँडलवाली आली नाही. तिचा डावा अजून माझ्याकडे आहे, आणि घंटीही परत आली नाही.

आता तुझं. रेडिओवर तुला पुन्हा बोलावलंय म्हणतोस. पहार नव्हती, शटर भावजयीनं उघडलं, हे तू सांग. सांगायला अवघड जाईल, मला कळतं. माझंही गेलं. नाही सांगितलंस तरी मी हा विषय काढणार नाही. पण सांगितलंस तर मी टँकरपाशी बादली खाली ठेवून ऐकीन. आणि रस्ता आता बराच साफ झालाय. यायचं मनात असेल तर ये, बायकोला घेऊन ये. माळ्यावर खोकी कमी झालीत, जागा आहे.

काल संध्याकाळी वहिनीनं चहा दिला, कप न वाजवता. मी तिला विचारलं, “तू जिना उतरलीस, किल्ली फिरवलीस, शटर वर केलंस, त्या बाईशी बोललीस. मी तीन हातांवर होतो. मला यातलं काहीच कसं ऐकू आलं नाही? आणि निदान डावे तरी वरून का नाही आणलेस?”

ती म्हणाली, “डाव्यांच्या खोक्यांवर तुम्ही आडवे झोपला होतात. आणि घोरत होतात.”

दादा